दोघांची गाडी

आम्हा गोंयकारांना बेळगांव म्हणजे बाजार. लग्नाच्या साड्या बेळगांवात, भाजी तर रोजची तिथूनच घाट उतरून येते, आणि मोठं दुखणं निघालं की इस्पितळही बऱ्याचदा बेळगांवचंच. चोर्ला घाटातून सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी दोन पिशव्या, कुंद्याचा डबा आणि थोडीशी पाठदुखी घेऊन परत येतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी त्याचं नांव बेळगावी झालं, आमच्या तोंडी अजून बेळगांवच आहे. त्या नांवावरून काय काय झालं तो विषय आज नको. आजचा विषय बाबागाडी. तीही दोन पोरं एकदम बसतील अशी.

हसू नका. या एका गाडीसाठी मी बेळगांवचा बाजार पालथा घातला आहे.

माझी भाची निपाणीला दिलेली. थोरली मुलगी दोन वर्षं आठ महिन्यांची, धाकटा सात महिन्यांचा. जावई कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला. म्हणजे राहायला कर्नाटकात आणि नोकरीला महाराष्ट्रात. आपल्याला याची गंमत वाटते, तिथं कुणाला काही वाटत नाही. पहिली पाळी असली की तो पहाटे बाहेर पडतो. घरी सासूबाई आहेत, पण त्यांचे गुडघे गेलेले. थोरलीच्या मागे धावणं त्यांना जमत नाही आणि धाकट्याला घेऊन उठणंही.

भाची फोनवर म्हणाली, "मावशे, धाकटा झाल्यापासून मी एकटी गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा गेले नाही गो."

या वाक्यात रडणं नव्हतं. हिशोब सांगावा तसं तिनं सांगितलं, म्हणून मला ते जास्त लागलं.

आणि गंमत बघा. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत तिथल्या बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीटच पडत नाही. महाराष्ट्रात त्याच वर्षी १७ मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट. निपाणीच्या स्टँडवर दोन्हीकडच्या गाड्या लागतात. इतकी सोय आपल्या आयांना स्वप्नातही दिसली नसती. पण बसची पहिली पायरी गुडघ्याला येते. एक पोर कडेवर, एकाचा हात धरलेला, खांद्याला दुपट्यांची पिशवी. वरचा दांडा धरायला तिसरा हात कुठून आणायचा? तिकीट फुकट झालं म्हणून हात मोकळे होत नाहीत.

तिनं कुठंतरी दोन पोरांची हलकी गाडी बघितली होती. अशी गाडी हवी म्हटल्यावर घरात पहिला सूर लागला तो सासूबाईंचा.

"आमी काय गाडीतनं वाढवली व्हय पोरं? बाईमाणसाला कड कशाला दिलीया द्येवानं?"

सासूबाई प्रेमळ आहेत, हे आधीच सांगते. मी त्यांच्या ओसरीवर मेथी निवडत बसले होते आणि सहज विचारलं, की तुमच्या घरी किती भावंडं, आणि कुणाच्या कडेवर वाढली? त्या म्हणाल्या, माझ्याच की. थोरली मीच. आई घरी विड्या वळायची.

विडी वळणारी बाई तुम्ही बघितली आहे का? मांडीवर सूप असतं. सुपात टेंभुर्णीची कापलेली पानं, तंबाखूची भुकटी, दोऱ्याचं रीळ. बाई दिवसभर त्या सुपावर वाकलेली, कारण मजुरी हजार विड्यांवर मिळते आणि हजार विड्या काही गप्पा मारता मारता होत नाहीत. म्हणजे आईची मांडी सुपानं अडवलेली. तिथं पोराला जागा नाही, आणि असती तरी तंबाखूच्या त्या धुळीत बाळ कोण ठेवील? मग बाळ थोरल्या मुलीच्या कडेवर. सासूबाईंची शाळा तिसरीतून सुटली ती अशी. धाकट्याला घेऊन शाळेत जायच्या, तो रडायचा, मास्तर बाहेर उभं करायचे. पुढं जाणंच थांबलं. हे सगळं त्यांनी मेथीची काडी मोडता मोडता सांगितलं. दुःख म्हणून नव्हे, असंच असतंय म्हणून.

माझी आईसुद्धा थोरली. इकडं गोव्यात विड्या नव्हत्या, पण भाटातलं काम होतं, गोठा होता, शेणसडा होता. पाच भावंडं तिच्या डाव्या कडेवर वाढली. म्हातारपणी ती उभी राहिली की कमरेतून जराशी डावीकडे बाहेर यायची, जणू अजून कुणीतरी तिथं बसलं आहे. आम्ही तिला त्यावरून चिडवत असू. चौथीनंतर तीही शाळेत गेली नाही, आणि वर्तमानपत्र मात्र शेवटपर्यंत बोट ठेवून वाचत राहिली.

आपल्याकडं 'पूर्वी गाड्याबिड्या नव्हत्या, तरी पोरं वाढलीच ना' असं म्हणतात तेव्हा ते खरंच असतं. फक्त ती कुणाच्या कडेवर वाढली हे कुणी विचारत नाही. गाडी होतीच. तिला पाय होते, आठ-दहा वर्षांचं वय होतं आणि तिचं नांव हजेरीपटावरून कमी होत होतं. निपाणीच्या वखारींतून आणि विडीच्या कामातून अशा किती मुली गेल्या असतील! १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी कामाच्या ठिकाणी खोली ठेवण्याची तरतूद होती. पण ती कारखान्यातल्या बायकांसाठी. घरी बसून वळणारीच्या ओसरीवर कुठली खोली आणि कुठली दाई? तिथली खोली म्हणजे मुलीची कड.

असो. मेथी निवडून झाली आणि आम्ही बेळगांवला जायचं ठरवलं. भाची निपाणीहून जावयाच्या सुट्टीच्या दिवशी, पोरं त्याच्याकडं ठेवून. मी साखळीहून चोर्ल्यानं.

खडे बाजार आणि गणपत गल्ली मिळून आम्ही पाच दुकानं फिरलो. दोघांची गाडी म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "जुळी हाईत काय वो?" नाहीत म्हटलं की दुकानदाराचा चेहरा पडायचा, जणू आम्ही अपात्र ठरलो. तीन दुकानांत नव्हतीच. मागवून देतो म्हणाले. चौथ्यात एक होती, एकामागे एक बसायची. गाद्या जाड, वर मांडवासारखं छत, खाली सामानाची जाळी, पुढच्या पोरासमोर खेळण्यांचा दांडा. दुकानदार हौशी होता. "ढकलून बघा की काकू, लोण्यागत जातीया." गेली. गुळगुळीत फरशीवर लोण्यागत न जाणारी गाडी मी अजून बघितलेली नाही.

मी बरोबर बॅगा तोलायचा हुकाचा काटा नेला होता. भाचीला त्याची लाज वाटली, पण मी तो काढलाच. पंधरा किलो आणि वर थोडं. मग म्हटलं, आता मिटवून दाखवा. दुकानदारानं एक कळ दाबली, दुसरी ओढली, मग आतल्या पोऱ्याला हाक मारली, आणि दोघांनी मिळून ती मिटवली. आम्ही दोघी एकमेकींकडं बघितलं. पोऱ्या काही गाडीबरोबर येणार नव्हता.

माझं म्हणणं असं, की आपल्याकडं बाबागाडी ढकलण्यासाठी बघू नये, उचलण्यासाठी बघावी. सपाट फूटपाथच्या देशात ती ढकलली की झालं. निपाणीच्या त्या घरातून रस्त्यावर यायचं तर आधी चार बोटं उंच उंबरठा, मग तीन पायऱ्या, मग गटारावरची फरशी, जिच्या दोन तुकड्यांमध्ये नेमकं लहान चाक जाईल एवढी फट. पुढं गल्लीत उभ्या मोटरसायकली. आणि बस धरायची तर सगळं मिटवून गुडघाभर वर. ढकलायला पंधरा किलो आणि दहा किलो यांत फारसा फरक नाही, पोरं बसल्यावर तर तो कळतही नाही. थोरली साडेबारा किलो, धाकटा साडेसात, त्यात गाडीची भर. पण उचलताना, आणि तेही एक पोर अंगावर असताना, ते पाच किलो म्हणजे जाणं आणि न जाणं यांतलं अंतर आहे.

एकामागे एक असली की गाडी अरुंद राहते, कुठल्याही दारातून जाते. तिचा तोटा उंबरठ्यावर कळतो. पुढचं चाक वर घ्यायला मागची मूठ दाबावी लागते, आणि पुढं साडेबारा किलोची थोरली बसलेली असली की ती मूठ दबतच नाही. लांबीही जास्त, म्हणून गल्लीत वळवताना बैलगाडी वळवल्यासारखं. शेजारी-शेजारी बसायची असते ती रुंद, पण आखूड आणि सहसा हलकी. दोन छत्र्या जोडल्यासारखी मिटते. तिच्यात दोन पोरांची वजनं सारखी नसली की ती जड बाजूला ओढते, हे मात्र खरं.

रुंदी साधारण तीस इंच. आता निपाणीच्या घराचं दार दुपाखी. एक पाख कायम खिटी घालून बंद, दुसरी उघडी, त्यातून जेमतेम दोन फूट. दोन्ही उघडल्या की सव्वातीन. फ्लॉरिडातल्या डिस्नेच्या बागांनी मे २०१९ पासून ३१ इंचांहून रुंद गाडी आत घ्यायची नाही असा नियम केला. निपाणीच्या दारानं आपला नियम शंभरेक वर्षांपूर्वीच केलेला, फक्त तिथं खिटी काढायची सोय आहे. ती खिटी गंजली होती. तेल घालून जावयानं काढली.

पाचव्या दुकानात शेजारी-शेजारीची गाडी होती, पण तिचे पट्टे नुसते कमरेचे. थोरली त्यातून दोन मिनिटांत उभी राहिली असती. खांद्यावरून दोन, कमरेचे दोन आणि पायांमधून एक, असे पाच पट्टे हवेत, याबाबतीत मी हटूनच बसते. रिकाम्या हातानं आम्ही कुंदा घेतला आणि आपापल्या घाटांना लागलो.

गाडी शेवटी मिळाली ती आमच्या वाड्यावरच. आमच्याकडून परदेशी गेलेल्यांत इंग्लंडातल्या स्विंडनला गेलेली कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांतलंच एक चवथीला घरी आलं. जुळे मुलगे आता पाच वर्षांचे झालेले, आणि त्यांची छत्रीसारखी मिटणारी जोडगाडी माडीवर पडलेली. मी विचारलं मात्र, त्या बाईनं ती धूळ झटकून अंगणात आणून ठेवली.

या छत्रीसारख्या मिटणाऱ्या गाडीची जन्मकथा मला फार आवडते. इंग्रज उमरावांच्या पोरांना १७३३ सालीच गाडी मिळाली होती. विल्यम केंट नांवाच्या कलाकारानं ती डेव्हनशरच्या ड्यूकसाठी बनवली, शिंपल्याच्या आकाराची, ओढायला शेळी किंवा लहानसा घोडा. ती किती जड होती याची चौकशी कुणी केली असेल असं वाटत नाही, उचलायला नोकर होते. पुढं दोन-सव्वादोनशे वर्षं गाड्या जडच राहिल्या. मग ओवेन मॅकलारेन नांवाचे एक निवृत्त गृहस्थ आले. महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केलं होतं, म्हणजे जमिनीवर असताना भार घेणारं आणि हवेत गेल्यावर मिटून आत जाणारं. त्यांची मुलगी नातीला घेऊन घरी आली. तिची गाडीशी चाललेली झटापट बघून आजोबांनी ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या आणि सहा पौंडांची, म्हणजे पावणेतीन किलोंची, घडीची गाडी केली. साल १९६५. लेकीचे हात बघून बापानं केलेली वस्तू आहे ती. एकाची पावणेतीन किलोंची, दोघांची अर्थात जड होते, पण तत्त्व तेच.

अंगणातली गाडी मी काट्याला लावली. दहा किलो चारशे ग्रॅम. मग धाकट्याऐवजी साडेसात किलो तांदळाची पिशवी कडेवर घेतली आणि घराच्या पायऱ्या चढून-उतरून बघितल्या. शेजारीण पोट धरून हसत होती. पायऱ्या जमल्या. मिटवणं मात्र एका हातानं होत नाही. पायानं एक दांडी खाली दाबायची, दुसरी वर घ्यायची आणि दोन्ही मुठी एकत्र आणायच्या. तेवढ्या वेळात तांदूळ खाली ठेवता येतात, पोर ठेवता येत नाही.

इथं आमच्यात थोडा वाद झाला. माझी धाकटी बहीण म्हणाली, मग जोडगाडीचा खटाटोप कशाला? एकाची हलकी गाडी घ्या, थोरलीला बसवा, धाकट्याला झोळीत बांधा. काही जणी गाडीच्या मागं उभं राहायची फळी लावतात, तीही स्वस्त. मुद्दा चांगला आहे, आणि ज्यांची दोन पोरं तीन-चार वर्षांच्या अंतरानं आहेत त्यांना मी तेच सांगेन. पण फळीवर उभं राहिलेलं पावणेतीन वर्षांचं पोर झोपलं की काय करायचं? थोरली बाहेर गेली की अर्ध्या तासात डुलक्या घेते. आणि साडेसात किलो छातीवर बांधून बाजार फिरायला भाचीची कंबर दोन बाळंतपणांनंतर तेवढी उरलेली नाही. झोळी पाच मिनिटांसाठी ठीक, बस चढण्यापुरती. दोघं बसतील, दोघं झोपतील, आणि तिचे दोन्ही हात मुठीवर असतील, अशीच गाडी तिला हवी होती. निर्णय तिचा, आम्ही फक्त काटा धरणारे.

धाकटा सात महिन्यांचा, मान धरून बसू लागलेला, म्हणून ही बसकी गाडी चालली. तान्ह्या बाळाला पाठ जवळजवळ सपाट टेकणारी हवी, अशा गाडीत ते दुमडून बसतं. आणखी एक, मुठींना बाजाराच्या पिशव्या अडकवायच्या नाहीत. थोरली उतरली की गाडी धाकट्यासकट मागे कोसळते. उन्हासाठी वरून कापड झाकायचं नाही, आत भट्टी होते. बसकेची मर्यादा प्रत्येकी पंधरा किलोंची, म्हणजे थोरलीला वर्षभर तरी पुरेल. वर्षभरासाठी एवढं? होय, हेच वर्ष अडलेलं आहे ना.

पैसे त्या बाईनं घेतले नाहीत. काजूची दोन पाकिटं तेवढी घेतली. गाडी मिटवून मी कदंबच्या बसनं निघाले. कंडक्टरनं ती लांबट पुरचुंडी बघून विचारलं, "हें कितें गो बाये?"

"भुरग्यांची गाडी."

"आनी भुरगीं खंय?"

"निपाणीक."

तो काही बोलला नाही. माझ्या सीटमागं जागा करून दिली.

निपाणीत गाडी उघडली तेव्हा सासूबाई दारातच होत्या. त्यांनी दोन्ही आसनं हातानं दाबून बघितली, पट्टे ओढून बघितले, आणि थोरलीला स्वतः आत बसवलं. बस चढतानाच्या झोळीचा प्रश्न त्यांनीच सोडवला. आपलं जुनं लुगडं फाडलं आणि सुनेच्या छातीशी बाळ कसं बांधायचं, तोंड मोकळं कसं राहील, हनुवटी छातीला कशी टेकू द्यायची नाही, हे करून दाखवलं. त्या हातांना ते विसरलं नव्हतं. मग बसच्या पायरीशी क्रम ठरला: बाळ झोळीत, थोरली उतरून पिशवी धरून उभी, गाडी मिटवायची, आधी गाडी वर, मग थोरली, मग आपण. घरातल्या पायऱ्यांवर त्यांनी चार वेळा तालीम केली. चौथ्या वेळी थोरलीनंच कंडक्टर होऊन शिट्टी मारली.

भाचीचं बी.ए.चं शेवटचं वर्ष लग्नानंतर राहिलं आहे. देवचंद कॉलेज म्हणजे निपाणीचंच, सगळे तसंच म्हणतात. पण ते उभं आहे अर्जुननगरात, कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात. विद्यापीठ शिवाजी. गाडी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, ती दोन्ही पोरांना घेऊन एकटी तिथं चालत गेली, राहिलेल्या वर्षाचं काय करता येईल ते विचारायला. दोन राज्यं झाली, मला तिनं फोनवर सांगितलं, आणि थोरली दोन्हींमध्ये झोपलेलीच होती.

फॉर्म मिळाला आहे. जुनी गुणपत्रिका माहेरी साखळीला आहे, ती मी शोधून पाठवणार आहे. गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचं रबर, थोरलीच्या बाजूचं, झिजायला लागलं आहे. निपाणीतल्या एका सायकलवाल्यानं त्या मापाची कडी कापून बसवून देतो म्हणून सांगितलं आहे.